ग्रीस की ऑइल?

आमच्या मामाकडे स्टँडर्ड हेराल्ड होती. पांढरी (म्हणजे कधीतरी पांढरी असलेली), चार दारांची, १९६९ सालची. मामा बँकेत होता, गाडी त्याने १९७८ साली सेकंडहँड घेतली. नाशिकमधे त्यांच्या गल्लीत तेव्हा दोनच गाड्या: एक डॉक्टरांची फियाट आणि दुसरी ही. डॉक्टरांची गाडी ड्रायव्हर पुसायचा. आमची गाडी मामा स्वतः पुसायचा, आणि दर दुसऱ्या रविवारी सकाळी बनियनवर तिच्याखाली झोपून ग्रीसगन चालवायचा. मी आणि माझी मामेबहीण पाने हातात द्यायला. "चौदाचा दे" म्हटलं की बाराचा द्यायचा, मग शिव्या खायच्या, हा आमचा रविवार.

१९८७ च्या मे महिन्यात आम्ही मुंबईहून नाशिकला येत होतो. कसारा घाट चढलो, इगतपुरीला वडापाव झाला, संध्याकाळी सहाला गल्लीत शिरलो. मामाने नेहमीप्रमाणे स्टिअरिंग पूर्ण फिरवून एका दमात गेटमधे गाडी वळवली. (हेराल्ड जागच्या जागी वळायची. तिचा टर्निंग सर्कल २५ फुटांचा होता. मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला तो मुद्दाम दाखवायचा.) खालून "कट्" असा एक आवाज आला, आणि बैल गुडघ्यावर बसावा तशी गाडी पुढच्या डाव्या बाजूला बसली. उतरून बघतो तर चाक मडगार्डखाली आडवं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. गाडीचा वेग माणूस चालतो तेवढा असेल. पण मामी तिथेच गेटापाशी मटकन खाली बसली, कारण दोन तासांपूर्वी आम्ही घाटात होतो. एका बाजूला ट्रक, दुसऱ्या बाजूला दरी.

मामाने ठपका ठेवला मेस्त्रीवर. दोनच महिन्यांपूर्वी त्याने पुढचं काम केलं होतं. हा मेस्त्री नुसता मेस्त्री नव्हता, मामाचा शाळेतला मित्र होता. दिवाळीला फराळ इकडून तिकडे जायचा. त्या संध्याकाळनंतर तो बंद झाला. गाडी दोन वर्षं ताडपत्रीखाली तशीच तिरकी उभी होती आणि १९८९ ला भंगारात गेली. तिच्याबरोबर ती मैत्री पण.

हे सगळं मी विसरून गेलो होतो. २०१८ साली कंपनीने मला कॉव्हेंट्रीजवळ पाठवलं तोपर्यंत.

शेजारी एक निवृत्त आजोबा. त्यांच्या गॅरेजमधे लाल रंगाची १९७२ ची ट्रायम्फ स्पिटफायर. दोन सीट, टप उघडणारा, दारं इतकी खाली की बसल्या बसल्या हाताने रस्त्यावरचा खडा उचलता यावा. पहिल्याच शनिवारी बघतो तर आजोबा पुढच्या चाकाशेजारी खाली बसून ग्रीसगन चालवतायत. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. मी जाणकाराच्या थाटात म्हटलं, "ग्रीसिंग का?"

"ऑइल," ते म्हणाले. मग बोट पुसत, हवामानाबद्दल बोलावं तसं म्हणाले, "इथे ग्रीस भरलं तर चाक निघून येतं. लगेच नाही. पंधरा-वीस वर्षांनी."

मी तिथेच उभा राहिलो. कारण ज्या सुट्या भागाकडे ते बोट दाखवत होते, तो आकार मी ओळखत होतो. लहानपणी तोच भाग मामाने भिंतीवर खिळ्याला अडकवून ठेवला होता. मोडलेला, पुरावा म्हणून.

तर मंडळी, आजची पोस्ट या भागाबद्दल आहे. पण तो नाशिकला आणि कॉव्हेंट्रीला एकच कसा, हे सांगायला जरा मागे जावं लागेल.

कॉव्हेंट्रीला तेव्हा स्टँडर्ड मोटर कंपनी होती. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी तिने बुडालेली ट्रायम्फ विकत घेतली. स्टँडर्ड इंजिनं बनवायची, चासी बनवायची, पण गाड्यांच्या बॉडीसाठी बाहेरच्यांवर अवलंबून होती. त्यातली महत्त्वाची पुरवठादार फिशर अँड लडलो. १९५३ साली ही फिशर अँड लडलो बीएमसीने, म्हणजे ऑस्टिन आणि मॉरिस एकत्र येऊन झालेल्या प्रतिस्पर्धी कंपनीने, विकत घेतली. आपल्या भाषेत सांगायचं तर तुमचं सगळं प्रॉडक्शन ज्या व्हेंडरच्या सर्व्हरवर चालतं तो व्हेंडर सकाळी उठून बघावं तर तुमच्या स्पर्धकाच्या मालकीचा.

आता नवी छोटी गाडी काढायची तर बॉडी कोण देणार? तोपर्यंत जगभर मोनोकॉक बॉडीची चलती सुरू झाली होती. म्हणजे वेगळी चासी नाही, पत्र्याचा अख्खा डबाच गाडीचा सांगाडा. पण असा अख्खा डबा दाबून देणारा मोठा कारखानाच हातचा गेलेला. मग स्टँडर्डचे मुख्य इंजिनिअर हॅरी वेबस्टर यांनी उलटा रस्ता धरला. जुन्या पद्धतीची वेगळी चासी ठेवायची आणि बॉडीचे तुकडे करायचे. पुढचा भाग वेगळा, मधला वेगळा, मागचा वेगळा, छप्पर वेगळं. प्रत्येक तुकडा कुठल्याही छोट्या कारखान्यातून करून घ्यायचा आणि शेवटी बोल्टने जोडायचा. या प्रकल्पाचं गुप्त नाव होतं झोबो, याक आणि गायीच्या संकरातून होणारा तिबेटी ओझ्याचा प्राणी. नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी होती. नवी-जुनी पद्धत मिसळलेली ही गाडी खरोखरच तशी होती.

बाहेरचं रूप दिलं तुरीनच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी. एप्रिल १९५९ मधे हेराल्ड बाजारात आली. दिसायला देखणी, पण इतके जोड म्हणजे इतक्या फटी. पहिल्या गाड्यांमधे पावसाचं पाणी आत यायचं आणि खडखडाट व्हायचा. मॉड्यूलर आर्किटेक्चर म्हटलं की इंटरफेसवर बग येणारच, हे आपल्याला काय नवीन आहे! कंपनी तोट्यात गेली आणि १९६१ मधे ट्रक बनवणाऱ्या लेलँडने ती ताब्यात घेतली.

पण या तुकड्या-तुकड्यांच्या बॉडीचा एक फायदा कॉव्हेंट्रीत कुणी फारसा मनात धरला नसेल. ज्या देशात मोठमोठे प्रेस नाहीत तिथे अशी गाडी जोडता येते. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने १९६१ पासून ती जोडायला घेतली, हळूहळू भाग इथेच बनवायला लागले, आणि १९६८ मधे चार दारांची हेराल्ड काढली, जी ट्रायम्फने इंग्लंडमधे कधी विकलीच नाही. मामाची गाडी ती. म्हणजे १९५३ साली बर्मिंगहॅमकडच्या एका कारखान्याचा सौदा झाला, म्हणून नाशिकच्या गल्लीत ती गाडी उभी होती. (अशीच दुसरी सोयरिक अँबॅसडरची. तिचं जुनं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन आणि १९५५ च्या एमजीए या स्पोर्ट्स कारचं इंजिन एकाच बी-सिरीज घराण्यातलं. आपली अँबॅसडर आणि ती लांब नाकाची एमजीए या चुलतबहिणी. यावर पुन्हा कधीतरी.)

असो. स्पिटफायरकडे येऊ.

हेराल्डची चासी स्वस्तात मिळतेय म्हटल्यावर तिच्यावर छोटी स्पोर्ट्स कार बसवावी, हे ट्रायम्फमधे सुचणं साहजिक होतं. शेजारच्या बीएमसीने १९५८ ला ऑस्टिन-हीली स्प्राइट काढून तरुण पोरांना वेड लावलं होतं. मिकेलोत्तींनी चित्र काढलं, एक नमुना गाडीही तयार झाली. त्या प्रकल्पाचं नाव 'बॉम्ब'. पण पैसे संपले, आणि ती गाडी कारखान्याच्या एका कोपऱ्यात कापडाखाली झाकून पडली. १९६१ मधे लेलँडतर्फे स्टॅन्ली मार्कलंड कारखाना बघत फिरत होते. कापडाखाली काय आहे म्हणून त्यांनी विचारलं, कापड बाजूला केलं आणि गाडी करायची ठरवली. ही गोष्ट ट्रायम्फवाल्यांच्या प्रत्येक पुस्तकात असते, आणि मला ती दर वेळी आवडते. आपल्याही कंपनीत कुठल्यातरी जुन्या ब्रँचमधे अशा किती गाड्या झाकून पडल्या असतील, आणि कापड उचलणारा मॅनेजर काही येत नाही.

ऑक्टोबर १९६२ मधे लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. ११४७ सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर, ६३ हॉर्सपॉवर, पुढे डिस्क ब्रेक. नाव त्या लढाऊ विमानाचं. १९६२ ते १९८० मधे पाच वेगवेगळ्या अवतारांत तीन लाख चौदा हजारांवर गाड्या बनल्या.

त्यातल्या आज उभ्या असलेल्या बऱ्याचशा गाड्या कुणीतरी घरच्या गॅरेजमधे एकदा तरी पूर्ण खोलून परत जोडलेल्या आहेत. याचं श्रेय पुन्हा त्या १९५३ च्या सौद्याला. मोनोकॉक गाडी गंजली की सांगाडाच गंजतो. स्पिटफायरला खाली वेगळी चासी आहे, त्यामुळे बॉडीचे बोल्ट काढले की चार मित्र बोलावून ती उचलून बाजूला ठेवता येते. बॉनेट तर कमाल आहे. दोन्ही मडगार्डं, दिवे, नाक, सगळं एकसंध पुढे उलटतं, आणि इंजिन, सस्पेन्शन, स्टिअरिंग असं उघडं पडतं की चाकावर बसून आरामात काम करावं. आजोबा तसेच बसायचे. टायरवर, बाजूला चहाचा मग.

मी त्या तीन वर्षांत बरेच शनिवार त्यांच्याकडे घालवले. सुरुवातीला नुसता उभा राहायचो, मग पाने द्यायला लागलो. (बाराचा-चौदाचा नाही, इथे सगळं इंचात. अर्ध्या इंचाचा आणि सात-सोळांशाचा यातला फरक ओळखायला मला दोन महिने लागले. शिव्या इंग्लिश होत्या, त्यामुळे फार लागल्या नाहीत.)

त्या वर्षी त्यांनी सिल बदलायला घेतले होते. सिल म्हणजे दाराखालून जाणारी पत्र्याची पोकळ पेटी. आणि इथे स्पिटफायर तुम्हाला फसवते. वेगळी चासी आहे म्हटल्यावर वाटतं की वरची बॉडी म्हणजे नुसतं झाकण. हेराल्डच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरं आहे. पण स्पिटफायर करताना त्यांनी चासी आखूड केली (दोन चाकांमधलं अंतर साडेएक्क्याण्णव इंचांवरून ८३ इंचांवर आणलं) आणि तिचे दोन्ही बाजूंचे पसरलेले हात काढून टाकले. तो भार आता सिलवर. मागच्या चाकांना धरून ठेवणारे दांडेसुद्धा चासीला नाही, बॉडीलाच बोल्ट केलेत. म्हणजे डायग्राममधे मॉड्यूलर, आणि आत गुपचूप एकमेकांत गुंतलेलं. वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांनी असा कोड लिहिलाय, उरलेल्या निम्म्यांनी तो सांभाळलाय.

त्यामुळे सिल कापण्याआधी दाराच्या जागेत आडवी लोखंडी पट्टी वेल्ड करायची. बॉडी चासीवरच ठेवायची, गाडीचं वजन चाकांवर असलं पाहिजे. एका वेळी एकच बाजू. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि मधे ताकदीसाठी तिसरा, असे तीन थर. प्रत्येक थर टाचल्यावर दार लावून बघायचं, फट वरखाली सारखी आहे ना ते. हे न करता भसाभस कापलं तर टप नसलेली गाडी मधेच वाकते, आणि मग दार जन्मात नीट लागत नाही. आजोबांनी विकत घेतली तेव्हा आधीच्या मालकाने नेमकं हेच केलं होतं: गंजक्या सिलवर पुट्टी थापून, वर रंग मारून, चकाचक. बोटाने दाबल्यावर बोट आत गेलं. दोन्ही बाजू मिळून चार महिन्यांचे शनिवार गेले. पत्रे मात्र नवे मिळतात, याचं मला फार आश्चर्य वाटलं. ब्रिटिश मोटर हेरिटेज म्हणून एक कंपनी जुन्या ब्रिटिश गाड्यांचे मूळ साचे सांभाळून त्यांवर आजही पत्रे काढते. १९८८ मधे तर त्यांनी एमजीबीची अख्खी नवी कोरी बॉडी विकायला काढली, ती गाडी बंद होऊन आठ वर्षं झाल्यावर. आपल्याकडे हेराल्डचा एक दरवाजा शोधायला माणूस उत्तर भारत पालथा घालतो.

इंजिन दणकट. पण त्यातही एक खोड आहे, विशेषतः १९७४ नंतरच्या १५०० मधे. क्रँकशाफ्ट पुढेमागे सरकू नये म्हणून अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन चकत्या असतात. क्लच दाबला की क्रँक पुढे ढकलला जातो आणि भार त्या चकतीवर येतो. ती झिजून एक दिवस खाली तेलात पडते, मग क्रँक थेट ब्लॉकलाच खायला लागतो आणि इंजिन संपलं. तपासायला दोन माणसं लागतात: एकाने आत बसून क्लच दाबायचा, दुसऱ्याने बॉनेट उघडून पुढची पुली हलते का ते बघायचं. माझी नेमणूक क्लच दाबायला. सिग्नलला क्लच दाबून उभं राहायचं नाही, न्यूट्रलला टाकायचं, ही सवय मला तिथे लागली. पुण्यात परत आल्यावर ती टिकली नाही, पण ते जाऊ दे.

वायरिंगबद्दल जास्त लिहीत नाही. लुकस कंपनीला 'अंधाराचा राजपुत्र' म्हणायचा विनोद त्या लोकांत इतका जुना आहे की आता कुणी हसतही नाही. आजोबांच्या मते अर्धे दोष लुकसचे नसून गंजलेल्या अर्थिंगचे असतात. घासून स्वच्छ करा, दिवा लागतो.

मागच्या सस्पेन्शनची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. हेराल्डला मागे स्विंग अ‍ॅक्सल होता. प्रत्येक मागचं चाक आतल्या एकाच सांध्यावर वरखाली झुलायचं, त्यामुळे ते वर गेलं की तिरकं, खाली गेलं की उलटं तिरकं. जोरात वळताना घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गाडीची पाठ उचलायची, बाहेरचं चाक पोटाखाली दुमडायचं आणि गाडी गर्रकन फिरायची. हेराल्डच्या वेगाला ते चालून गेलं. स्पिटफायर वेगात चालवायलाच काढलेली. तरी १९६२ ते १९७० अशी आठ वर्षं ती तशीच विकली. शेवटी मार्क फोरमधे उपाय केला तो इतका साधा की राग यावा: आडव्या पाट्यांच्या स्प्रिंगमधली एकच पाटी पक्की आवळायची, बाकीच्या मधोमध मोकळ्या झुलू द्यायच्या. मद्रासवाल्यांनी त्यांच्या पद्धतीने प्रश्न मिटवला. १९७२ मधे हेराल्डची पुढची आवृत्ती म्हणून गॅझेल काढली, आणि तिला स्विंग अ‍ॅक्सल काढून सरळ जुन्या चालीचा एकसंध अ‍ॅक्सल बसवला. आपल्या रस्त्यांना तेच बरं होतं.

आता पुढचं चाक.

बऱ्याच गाड्यांना पुढच्या चाकाला वर एक आणि खाली एक बॉल जॉइंट असतो. ट्रायम्फने वर बॉल जॉइंट दिला, पण खाली ट्रनिअन. पितळी ठोकळा, आतून स्क्रूसारखे आटे पाडलेले. चाकाला धरणारा उभा पोलादी दांडा त्या आट्यांत फिरवून बसवलेला. स्टिअरिंग वळवलं की दांडा त्या ठोकळ्यात किंचित वर-खाली स्क्रू होतो. डावीकडचे आटे आणि उजवीकडचे आटे उलट दिशेचे. कल्पना वाईट नाही. गाडीचा एवढा लहान टर्निंग सर्कल जमतो तो चाकं इतकी फिरू शकतात म्हणून. लोटसने त्यांच्या इलानला ट्रायम्फचे हेच भाग वापरले.

अट एकच. आट्यांमधे सतत तेल हवं. कंपनीच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय: दर सहा हजार मैलांनी प्लग काढा, निपल बसवा, गनमधे गिअरचं घट्ट हायपॉइड तेल भरा, आणि वरून तेल बाहेर झिरपेपर्यंत मारा. तेल आट्यांतून वर चढतं, खाली साठतं, पाण्याला जागा ठेवत नाही. ग्रीस मारलं तर ते तोंडाशी बसतं, वर चढत नाही, वाळून त्याचा दगड होतो. मागून पाणी शिरतं. पितळ गंजत नाही, पोलाद गंजतं. बाहेरून काही दिसत नाही, कारण गंज आट्यांच्या आत, रबराच्या वॉशरखाली. वर्षानुवर्षं दांडा आतून कुरतडला जातो, आणि एक दिवस आटे संपतात त्या ठिकाणी मोडतो. बहुतेक वेळा कमी वेगात, पार्किंग करताना, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना. कारण त्या वेळीच त्या दांड्याला सर्वात जास्त पीळ बसतो. बहुतेक वेळा. नेहमी नाही.

ग्रीस मारणारा मूर्ख असतो का? मला तसं वाटत नाही. गाडीखाली झोपल्यावर निपल दिसलं आणि हातात ग्रीसगन असली की माणूस ग्रीसच मारणार. बाकी सगळ्या गाड्यांना तेच चालतं. इंग्लंडमधल्या गॅरेजवाल्यांनीही हेच केलं, हजारो गाड्यांना. तिथेही काही जण आजसुद्धा पातळ ग्रीस चालतं म्हणून शपथेवर सांगतात, आणि यावर दोन म्हातारे दोन तास भांडू शकतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या मते दोष त्या डिझाइनचा. चुकीची गोष्ट करायला सोपी आणि तिचा परिणाम वीस वर्षांनी दिसणार, असा इंटरफेस बनवलाच का? आपण अशा एपीआयला काय म्हणतो ते इथे लिहीत नाही.

इंग्लंडमधे मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या, फारसे बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे. शेवटची स्पिटफायर ऑगस्ट १९८० मधे कॉव्हेंट्रीच्या कॅनली कारखान्यातून बाहेर पडली. पिवळी, गेडनच्या संग्रहालयात आहे, मी बघून आलो. म्हणजे आता सगळ्याच स्पिटफायरना सूट. आजोबांना ही सूट मुळीच आवडली नव्हती. "पूर्वी वर्षातून एकदा कुणीतरी परका माणूस ते चाक हलवून बघायचा," ते म्हणाले. "आता फक्त मी." ते सूट न घेता दरवर्षी पैसे भरून तपासणी करून घेत. आणि दर दोन-तीन वर्षांनी दांडा पूर्ण खोलून, घासून, भिंगाखाली बघत.

पेट्रोलच्या भानगडी वेगळ्याच. १९९९ संपता संपता तिथे शिसं घातलेलं पेट्रोल बंद झालं, तेव्हा सिलेंडर हेडमधे व्हॉल्व्हच्या कडक सीट बसवून घ्याव्या लागल्या. २०२१ पासून साध्या पेट्रोलमधे दहा टक्के इथेनॉल, ते जुन्या रबरी नळ्या खातं. आपल्याकडे आता वीस टक्के आहे. कुणाकडे जुनी गाडी असेल तर आजच जाऊन पेट्रोलची नळी वास घेऊन, दाबून बघा. मी गंमत करत नाहीये.

तर त्या पहिल्या शनिवारी मी घरी आलो, आणि भारतात रात्रीचे साडेदहा वाजले होते तरी मामाला फोन लावला. मामा तेव्हा चौऱ्याहत्तरचा. आधी हवापाणी झालं, मग मी सांगितलं. तेल, ग्रीस, आटे, गंज, सगळं. मेस्त्रीने पुढचं काम केलं होतं ते दुसरंच होतं, दांडा आतून आधीच खाल्लेला असणार, वगैरे. मी इंजिनिअरसारखं सांगत होतो, मुद्देसूद. मधेच माझ्या लक्षात आलं की मी काय बोलतोय. दर दुसऱ्या रविवारी गाडीखाली कोण असायचं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी बोलायचा थांबलो.

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं लाइन कट झाली.

"ऑइल?" मामा म्हणाला.

"हो. गिअरचं."

"पुस्तक होतं रे त्या गाडीचं. डॅशबोर्डच्या कप्प्यात. मी कधी उघडलं नाही. गाडीबरोबरच भंगारवाल्याला गेलं." मग पुन्हा गप्प. मग म्हणाला, "तो सांगायचा. मेस्त्री. इतकं ग्रीस नको मारूस म्हणायचा. मला वाटायचं, धंद्यासाठी बोलतोय, म्हणजे मी त्याच्याकडे गाडी घेऊन जाईन."

मी विचारलं, मेस्त्री कुठे असतात आता?

"गॅरेज मुलगा बघतो. टायरचं दुकान टाकलंय पुढे. तो बसलेला असतो खुर्ची टाकून, जाता-येता दिसतो." मग मामीला काहीतरी विचारलं, मला नीट ऐकू आलं नाही. मग मला म्हणाला, "उद्या रविवार ना रे? उघडं असतं का टायरचं दुकान रविवारी?"